पत्त्यांवर खुणा दिसल्या म्हणून खंजीर चालवला, पुढे त्यानेच फेअर प्लेचा नियम लिहिला

व्हेनिसमधल्या एका सिनेटरच्या घरी पत्त्यांचा डाव सुरू होता. एक तरुण पैसे हरला, अंगठी आणि कपडेही डावावर गेले. मग त्याच्या लक्षात आलं, पत्त्यांवर खुणा आहेत!

त्याने थेट खंजीर काढून यजमानाच्या तोंडावर वार केला. पैसे उचलले, पण जखम बघून थोडे परत फेकले. नोकरांना धमकावून दार उघडायला लावलं आणि पळाला. त्याच रात्री तो पाण्यात पडला. एका होडीने त्याला वाचवलं. होडीत कोण होतं? तोंडाला पट्टी बांधलेला तोच सिनेटर! गंमत म्हणजे त्यानेच याला कोरडे कपडे दिले. सिनेमात दाखवलं तर कुणाला पटणार नाही. पण हे त्या तरुणाने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

हा जिरोलामो कार्दानो. जन्म १५०१, इटलीतलं पाविया. पुढे नावाजलेला डॉक्टर आणि गणिती झाला. जुगाराचा नाद मात्र असा की बायकोचे दागिनेही गहाण पडले.

त्या काळात प्रिमेरो नावाचा खेळ जोरात होता. चार पत्ते, वाढत जाणारी बोली आणि ब्लफ. पोकरचा पूर्वज म्हणतात तो हाच. कार्दानोने जुगारावर पुस्तकच लिहिलं. पत्त्यांना साबण लावणं, अंगठीतल्या आरशातून पत्ते बघणं, असल्या लबाड्या त्यात आहेत. मुख्य मुद्दा एकच: दोघांसाठी परिस्थिती सारखी हवी. ती समोरच्याच्या बाजूने झुकली तर तुम्ही मूर्ख, तुमच्या बाजूने झुकली तर तुम्ही अन्यायी. म्हणूनच ब्लफ चालतो, तो कुणालाही करता येतो. खुणेचा पत्ता एकालाच वाचता येतो.

या समानतेच्या विचाराशेजारीच त्याने फाशांच्या शक्यता मोजल्या. संभाव्यतेच्या गणिताची ही अगदी सुरुवातीची पावलं.

स्वतः तो धुतल्या तांदळासारखा होता का? नाही. तार्ताग्लियाने घनसमीकरण सोडवायची रीत गुप्त ठेवायच्या शपथेवर त्याला सांगितली होती. कार्दानोने १५४५ मध्ये ती छापली. श्रेय दिलं, शिवाय देल फेरोने ती आधीच शोधली होती, हेही त्याला कळलं होतं. तार्ताग्लियाने मात्र त्याला कधीच माफ केलं नाही.

१५७६ मध्ये कार्दानो रोममध्ये वारला. जुगाराचं पुस्तक छापलं गेलं १६६३ मध्ये. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी तेच गणित नव्याने मांडलं होतं.