र. धों. कर्वे : न विचारता येणाऱ्या प्रश्नांचा संपादक

लैंगिक विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर खटला का भरला गेला? आज त्याचा संबंध काय?

सुरुवात कुठे झाली?
पुण्यात मंडईची इमारत 1886 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांचे वेगळ्या लैंगिक आवडींवरील पुस्तक युरोपात निघाले. मृतदेहाविषयीच्या आकर्षणाचीही त्यात नोंद होती. रघुनाथ धोंडो कर्वे तेव्हा चार वर्षांचे होते.

महर्षी कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. शिक्षण पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये. 1899 मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. या प्रचारापायी 1925 मध्ये नोकरी सोडावी लागली.

'समाजस्वास्थ्य'मध्ये काय असे?
जुलै 1927 मध्ये हे मासिक सुरू झाले. गुप्तरोग, हस्तमैथुनाची भीती, समलिंगी आकर्षण, संततिनियमन अशा विषयांवर वाचक पत्राने विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. घरात किंवा डॉक्टरांकडे बोलायची सोय नसलेल्यांना हाच आधार होता. मासिक तोट्यात चाले. पत्नी मालतीबाईंच्या साथीवर संसार आणि अंक दोन्ही निभावले.

खटले का झाले?
1931 मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि प्रश्न विकृत वाटला तरी विकृती ज्ञानानेच दूर होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे हरले, 200 रुपये दंड भरला आणि अंक चालू ठेवला. 14 ऑक्टोबर 1953 रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे 26 वर्षे.

आज मानसशास्त्र काय म्हणते?
वेगळी आवड म्हणजे आपोआप आजार नव्हे. ती व्यक्तीला त्रास देत असेल किंवा तिच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा धोका असेल, तेव्हा विकार मानतात. मृतदेहाचे आकर्षण हा त्यातला दुर्मीळ प्रकार. मनात विचार येणे आणि कृती करणे यांत मोठा फरक आहे. मृतदेह संमती देऊ शकत नाही आणि विटंबनेचा घाव कुटुंबाला बसतो, त्यामुळे कृतीचे समर्थन होत नाही.

कायदा काय सांगतो?
मृतदेहाच्या विटंबनेबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम 301 आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत. मृतदेहावरील अत्याचार बलात्काराच्या कलमात बसत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आणि केंद्राला कायदा बदलण्याची शिफारस केली.

मग कर्वे कशाला आठवायचे?
असा विचार मनात आलेला माणूस लाजेने गप्प बसतो. गप्प राहिला की उपचार लांबतात, आणि धोका असेल तर तोही कुणाच्या लक्षात येत नाही. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांचीही कोंडी हीच होती. आज पत्राची वाट पाहावी लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलता येते, किंवा सरकारच्या 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत फोन करता येतो.