महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल आणि आमदारकीची एक जागा

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल हे नाव आपल्या चळवळीत बहुधा एकाच संदर्भात येते. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठवणारे नेते, एवढा उल्लेख होतो, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पाठवले म्हणजे नेमके कसे पाठवले, हे फारसे कुणी सांगत नाही. जेसोर-खुलन्याच्या जनतेने बाबासाहेबांना भरघोस मतांनी निवडून दिले, असेही व्यासपीठावरून ऐकायला मिळते. तसे घडलेले नाही. संविधान सभेची निवडणूक जनतेच्या थेट मतांनी झालीच नव्हती. प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी ती केली. हा तपशील कोरडा वाटतो, पण मंडल यांच्या आयुष्याची किल्ली त्यातच आहे आणि आपल्या आजच्या राजकारणाचीही बरीचशी.

२९ जानेवारी १९०४ रोजी बरिशालमध्ये, म्हणजे तेव्हाच्या बाकरगंज जिल्ह्यात, एका नामशूद्र कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आज हा भाग बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि दलदलीचा मुलूख. ती जमीन कसायला लायक केली नामशूद्रांनी, मालकी मात्र बहुतांशी सवर्ण जमीनदारांची. या समाजाला पूर्वी चांडाल म्हटले जाई. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी मतुआ पंथातून या माणसांना ताठ उभे केले, शाळा काढायला लावल्या. १९११च्या जनगणनेत नामशूद्र हे नाव सरकारदरबारी लागले, तेही अनेक वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनंतर. मंडल या पार्श्वभूमीवर शिकले, वकील झाले आणि १९३७ साली निवडणुकीला उभे राहिले.

१९३५च्या कायद्याखालची ही पहिली प्रांतिक निवडणूक. मत सगळ्यांना नव्हते. जमीन, कर, शिक्षण पाहून ते मिळे. बंगालच्या २५० जागांच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव होत्या. मंडल उभे राहिले ते मात्र सर्वसाधारण जागेवर, अपक्ष म्हणून, काँग्रेसच्या एका प्रतिष्ठित सवर्ण उमेदवारासमोर. आणि निवडून आले. शेतकऱ्याच्या घरातल्या, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुण वकिलाने राखीव नसलेली जागा जिंकावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. घराघरांत ओळख आणि गावागावांत माणसे असल्याशिवाय असे होत नाही.

याच वर्षी इकडे मुंबई प्रांतात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले ते या बळावर. १९३८च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. बाहेर मोर्चा होता आणि आत विधेयक मांडणारा आपला माणूस होता. हे दोन्ही एकाच वेळी असणे किती दुर्मीळ असते, ते आंदोलनात आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याला विचारावे.

बंगालमधल्या विधानसभेत अनुसूचित जातींचे आमदार विखुरलेले होते. काही काँग्रेसकडे, काही इतर गटांकडे, काही अपक्ष. मंडल यांनी त्यांना एकत्र धरायचा प्रयत्न सतत चालू ठेवला. त्याचे फळ १९४३ मध्ये दिसले. फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ पडले आणि मुस्लीम लीगच्या ख्वाजा नाझिमुद्दीन यांना सरकार बनवायला पाठिंबा हवा होता. अनुसूचित जातींच्या २१ आमदारांनी तो दिला, पण अटी घालून: तीन मंत्री, अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ठरलेल्या वाट्याची काटेकोर अंमलबजावणी. २५० जणांच्या सभागृहातले हे २१ जण. मंडल स्वतः सहकार आणि ग्रामीण कर्ज खात्याचे मंत्री झाले, आणि सावकारीत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी ते खाते शोभेचे नव्हते. इथे एक गोष्ट लपवायचे कारण नाही. याच सरकारच्या काळात बंगालचा भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली आणि त्यात भूमिहीन, मच्छीमार, नामशूद्र मोठ्या संख्येने होते. त्या मंत्रिमंडळाच्या जबाबदारीतून मंडल यांना पूर्णपणे वेगळे काढता येणार नाही.

याच सुमारास त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली आणि बाबासाहेबांशी त्यांचे नाते पक्के झाले.

मग १९४६ उजाडले. प्रांतिक निवडणुका झाल्या आणि फेडरेशनचा देशभर धुव्वा उडाला. याचे कारण पुणे कराराच्या पद्धतीत होते. राखीव जागेवर चारपेक्षा जास्त उमेदवार असले, तर आधी फक्त अनुसूचित जातीच्या मतदारांची प्राथमिक निवडणूक होई आणि त्यातून चार जणांची नावे निघत. अंतिम मतदान मात्र सर्व हिंदू मतदारांचे. आपल्या माणसांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवार शेवटच्या मतदानात पडू शकत होता आणि तसे ठिकठिकाणी झाले. मुंबई प्रांतात १५ राखीव जागा होत्या. फेडरेशनला एकही मिळाली नाही. बंगालमध्ये फेडरेशनचा एकच उमेदवार निवडून आला. तो म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल, बाकरगंज जिल्ह्यातून.

आता संविधान सभेचा हिशेब पाहा. दहा लाख लोकसंख्येमागे साधारण एक सदस्य, आणि तो निवडायचा प्रांतिक आमदारांनी, पसंतीक्रमाच्या मतदानाने. मुंबईत फेडरेशनचा एकही आमदार नाही म्हणजे मुंबईतून बाबासाहेबांचा रस्ता बंद. गोलमेज परिषद गाजवलेला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात काम केलेला, देशातला सर्वांत अभ्यासू कायदेपंडित; पण त्याला मत द्यायला स्वतःच्या प्रांतात स्वतःच्या पक्षाचा एक आमदार नव्हता. विद्वत्तेचे मत मतपेटीत पडत नाही. बाबासाहेब कलकत्त्याला गेले. तिथल्या युरोपीय आमदारांच्या मतांवर काही आशा होती, पण त्यांनी मतदानात भागच न घ्यायचे ठरवले.

बंगालच्या वाट्याला ६० जागा होत्या, त्यातल्या २७ सर्वसाधारण. त्या निवडणाऱ्या आमदारांची संख्या पाहता एका जागेला पहिल्या पसंतीची साधारण चार-पाच मते लागत. मंडल यांच्याकडे स्वतःचे एक मत होते. बाकीची त्यांनी जमवली. राखीव जागांवरून आलेल्या इतर आमदारांना ते भेटले, समजावले. त्यांच्यातले काही तर काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले, म्हणजे पक्षाचा रोष पत्करणारे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले. पुढे फाळणी ठरली, प्रांताचे दोन तुकडे झाले आणि त्यांचे ते सदस्यत्व गेले. तोवर सभेतल्या त्यांच्या कामाने चित्र बदलले होते. जुलै १९४७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबई विधानसभेतून, बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर पुन्हा निवडून आले. त्या वेळीही मते आमदारांचीच होती.

म्हणजे बाकरगंजच्या चिखलात चालत जाऊन ज्या शेतकऱ्यांनी मंडल यांना मत दिले, त्यांना आपण काय करतो आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. ते फक्त आमदार निवडत होते.

आम्ही वस्त्यांमध्ये, तरुण मुलामुलींसोबत काम करतो. लोकसभेच्या निवडणुकीत ही मुले पेटून उठतात, संविधान वाचवायचे म्हणून रात्ररात्र पोस्टर लावतात. सहा महिन्यांनी विधानसभा आली की निम्मी गळतात आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका म्हटले की ते गल्लीतले राजकारण म्हणून नाक मुरडतात. पण राज्यसभेचे सदस्य आजही आमदारच निवडतात. संविधानातल्या काही महत्त्वाच्या तरतुदी बदलायच्या तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. आपल्या विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य भरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी कोणत्या गल्लीत उतरणार, समाजमंदिर आधी की गटार आधी, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के खरेच खर्च झाले की नुसते कागदावर दाखवले, हे दिल्लीत ठरत नाही. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती पडून राहिल्या. नगरसेवकच नाही म्हटल्यावर वस्तीतल्या बाईने पाण्यासाठी कुणाच्या दारात जायचे, हा प्रश्न होता. तरी त्यावर आपल्याकडे किती मोर्चे निघाले?

महाडची आठवण इथे येते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. पण त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरेच. त्यासाठी बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना तळ्यावर चालत जावे लागले. पण चालत जाताना हातात नगरपालिकेचा कागद होता.

मंडल यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक कठीण आहे आणि त्यावरून आपल्यात वादही होतात. ऑक्टोबर १९४६ मध्ये मुस्लीम लीगने त्यांना दिल्लीच्या हंगामी सरकारात आपल्या कोट्यातून कायदामंत्री केले. पूर्व बंगालचा मुसलमान शेतकरी आणि नामशूद्र शेतकरी यांचे हितसंबंध एकच आहेत, दोघांचा जमीनदार आणि सावकार एकच आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले. पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष तेच होते. देशाचे पहिले कायदा आणि कामगार मंत्रीही तेच. बाबासाहेबांनी १९४७च्या नोव्हेंबरमध्येच पाकिस्तानातल्या अनुसूचित जातींना भारतात येण्याचे आवाहन केले होते. मंडल थांबले.

१९३७ची जागा त्यांना मतदारांनी दिली होती, हे मंत्रिपद जिनांनी. कराचीत बसलेल्या या केंद्रीय मंत्र्याच्या मागे पूर्व बंगालच्या विधानसभेत पुरेसे बळ नव्हते, जिल्ह्याचा कारभार नव्हता, पोलीस ठाणे नव्हते. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावात नामशूद्रांवर पोलीस आणि जमावाचा कहर झाला. १९५०च्या फेब्रुवारीत दंगली पसरल्या, खुद्द बरिशाल जळाले. मंडल फिरले, वरपर्यंत तक्रारी केल्या. आपल्याच जिल्ह्यात त्यांचे कुणी ऐकेना. ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्याहून त्यांनी लियाकत अली खान यांना लांबलचक राजीनामा लिहिला. त्यात गावांची नावे, घटना, आधी ठरलेल्या अटी आणि मोडलेली आश्वासने असे सगळे आहे. दक्षिण आशियातल्या अल्पसंख्याकांवर लिहिणाऱ्याला तो कागद टाळता येत नाही.

भारतात त्यांचे स्वागत झाले नाही. सवर्ण वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी त्यांना मुसलमानी नावे ठेवून हिणवले. ते निर्वासितांच्या छावण्यांत काम करू लागले. नामशूद्र निर्वासितांना बंगालबाहेर, दंडकारण्यात पाठवण्याला त्यांनी विरोध केला, आंदोलने केली. निवडणुकाही लढवल्या, एकदा नव्हे अनेकदा, पण पुन्हा कधी निवडून आले नाहीत. आम्हाला याचे कारण त्यांच्या पाकिस्तानातल्या वर्षांइतकेच दुसऱ्या एका गोष्टीत दिसते: त्यांचे मतदार आता एका जागी नव्हते. ज्या गावांनी १९३७ला आणि १९४६ला त्यांना उचलून धरले, ती गावे सीमेपलीकडे राहिली आणि तिथली माणसे वेगवेगळ्या राज्यांतल्या छावण्यांमध्ये विखुरली. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेलगतच्या बनगाव इथे मंडल यांचे निधन झाले.

त्या विखुरलेल्या लोकांपैकी काही कुटुंबे महाराष्ट्रातही वसवली गेली, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावे आहेत, तिथे घरात बंगाली बोलतात. बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यामुळे इथे जन्मलेल्या त्यांच्या नातवंडांना तो दाखला मिळत नाही. यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, पण त्यासाठीचा प्रस्ताव मुंबईहून, राज्य सरकारकडून निघावा लागतो.