ज्यांच्या नावाने भटनागर पुरस्कार दिला जातो, ते शांतिस्वरूप भटनागर नेमके कोण होते?

जयंत नारळीकर, रघुनाथ माशेलकर, माधव गाडगीळ ही नावं तुम्ही ऐकलेली असणारच. या तिघांनाही तरुणपणी एक पुरस्कार मिळाला होता, शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. स्पर्धा परीक्षा देणारे याची यादी पाठ करतात, आपण बातमीत नाव वाचून पुढे स्क्रोल करतो. पण ज्या माणसाचं नाव या पुरस्काराला दिलंय तो कोण होता, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. खरं सांगायचं तर मीही बसलो असतो. म्हणून आज त्यांची गोष्ट. ती सुरू करूया चिखलापासून.

1930 च्या दशकातली गोष्ट. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी जमिनीत तेलासाठी खोल विहिरी खोदत होती. ड्रिल फिरत असताना अशा विहिरीत वरून पातळ चिखल सोडतात. हा चिखल ड्रिलला थंड ठेवतो, फुटलेल्या दगडाचा चुरा वर वाहून आणतो आणि विहिरीच्या भिंती कोसळू देत नाही. पण इथे खोलवर खारं पाणी लागलं की चिखल घट्ट व्हायचा. इतका घट्ट की काम ठप्प! इंजिनिअर लोकांनी यंत्रांच्या बाजूने खटपट केली. शेवटी हा प्रश्न लाहोरला, पंजाब विद्यापीठातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे आला. ते होते भटनागर.

त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही, चिखलाकडे पाहिलं. चिखलातले मातीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात सुटे राहतात. म्हणून चिखल पातळ. आता त्यात मीठ आलं की मिठातले धन भाराचे आयन कणांभोवती गोळा होतात, ढकलण्याचा जोर संपतो आणि कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. दुधात लिंबू पिळल्यावर जे होतं ना, त्याच्याच जातीचा हा प्रकार.

उपाय काय? डिंक! भटनागरांनी चिखलात एका भारतीय झाडाचा डिंक मिसळायला सांगितला. डिंकाचे लांबलचक रेणू मातीच्या कणांभोवती लपेटून बसतात, मग मीठ आलं तरी कण एकमेकांना भिडत नाहीत. आपल्याकडे जुन्या पोथ्यांची शाई करताना काजळीत डिंक घालायचे, तो याच कारणासाठी. नाहीतर काजळी तळाला बसते. बाजारात सहज मिळणाऱ्या एका वस्तूने तेल कंपनीचा प्रश्न सुटला.

अटक ऑइलच्या मागे लंडनची स्टील ब्रदर्स ही कंपनी होती. ती इतकी खूश झाली की तिने भटनागरांना पेट्रोलियमच्या संशोधनासाठी 1,50,000 रुपये देऊ केले. त्या काळातले दीड लाख! भटनागरांनी हे पैसे स्वतःकडे घेतले नाहीत. ते विद्यापीठामार्फत द्या असं त्यांनी सांगितलं आणि त्यातून लाहोरमध्ये पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. तिथे मेणाचा वास घालवण्यापासून ते रॉकेलच्या दिव्याची ज्योत मोठी कशी करता येईल इथपर्यंत कामं झाली. ज्या देशात बहुतेक घरांत कंदील जळत होता, तिथे ज्योतीची उंची हा काही छोटा विषय नव्हता. काम पाहून कंपनीने निधी वाढवला आणि मुदतही. इतर कारखान्यांच्या कामांतही भटनागरांनी आपल्या वाट्याला येणारा पैसा प्रयोगशाळेकडेच वळवला.

आता, पैशाचं महत्त्व कळत नव्हतं म्हणून कोणी असं वागेल. यांचं तसं नव्हतं.

आजोबांचं घर आणि बॅटऱ्या

भटनागरांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 चा, पंजाबातल्या भेरा गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असताना वडील गेले. मग बालपण आईच्या माहेरी, बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबादला. हे आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरात शांतिस्वरूपला यंत्रांची गोडी लागली. खेळणी जोडणं, बॅटऱ्या बनवणं, दोरीचा टेलिफोन करणं, असले उद्योग. पुढचं शिक्षण लाहोरला. तिथे दयालसिंग कॉलेजात असताना त्यांनी उर्दूत एक एकांकिकाही लिहिली. हो, हा माणूस शायरही होता. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात शिकवताना त्या विद्यापीठाचं कुलगीत त्यांनीच लिहिलं, आणि 1946 मध्ये पत्नी लाजवंती गेल्यावर उर्दू कवितांच्या संग्रहाला त्यांनी तिचंच नाव दिलं.

1919 मध्ये एमएस्सी झाल्यावर दयालसिंग कॉलेजच्या ट्रस्टने त्यांना अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. लंडनपर्यंत पोचले आणि अडकले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, अमेरिकेला जाणारी जहाजं परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेली. जागाच मिळेना! शेवटी ट्रस्टने लंडनमध्येच शिकायला परवानगी दिली आणि ते युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डॉनन यांच्याकडे दाखल झाले. तिथे विषय मिळाला तेल आणि पाणी यांच्या मिश्रणांचा, म्हणजे बारीक कण द्रवात कसे तरंगतात, कधी एकत्र येतात याचा. 1921 मध्ये डीएस्सी मिळाली. वरची चिखलाची गोष्ट आठवा. जहाजात जागा मिळाली असती तर तो प्रश्न कदाचित दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर गेला असता.

परत आल्यावर तीन वर्षं बनारस, आणि 1924 पासून लाहोर. इथली वर्षं त्यांच्या संशोधनाची खरी वर्षं. 1928 मध्ये के. एन. माथूर यांच्यासोबत त्यांनी एक उपकरण बनवलं, भटनागर-माथूर तराजू. हा किराणा दुकानातला तराजू नाही. बहुतेक पदार्थ चुंबकाकडे अगदी किंचित ओढले जातात किंवा किंचित दूर ढकलले जातात. इतकं किंचित की डोळ्यांना दिसणं शक्य नाही. यांनी ते प्रकाशाने मोजलं. प्रकाशाचे दोन किरण एकमेकांत मिसळले की उजळ आणि काळ्या पट्ट्या दिसतात. नमुना कणभर जरी हलला तरी पट्ट्या सरकतात. पट्ट्या मोजल्या की हालचाल कळली, हालचाल कळली की चुंबकत्व कळलं, आणि त्यावरून रेणूमधले इलेक्ट्रॉन जोडीने आहेत की एकटे याचा अंदाज आला. आज तुमच्या फोनमधल्या होकायंत्राची चिप चुंबकक्षेत्र मोजते ती आपोआप. तेव्हा इलेक्ट्रॉनिक सेन्सर नव्हते, म्हणून हा सगळा खटाटोप. लंडनच्या ॲडम हिल्गर या नावाजलेल्या कंपनीने हे उपकरण बनवून विकायला सुरुवात केली.

याच काळात कारखानदार त्यांच्या दारात येऊ लागले. लाहोरच्या सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी उसाच्या चिपाडांपासून जनावरांचं खाद्य करण्याची पद्धत शोधली. दिल्लीची कापड गिरणी, मुंबईची टाटा ऑइल मिल्स, कानपूरच्या गिरण्या, सगळ्यांचे प्रश्न लाहोरला येत होते.

पाच लाख आणि बारा प्रयोगशाळा

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारला जाग आली. समुद्रमार्ग धोक्यात, बाहेरून माल येईना. मग 1940 मध्ये औद्योगिक संशोधनाचं एक मंडळ नेमलं गेलं, वर्षाला पाच लाख रुपये दिले गेले आणि भटनागरांना लाहोरहून बोलावण्यात आलं. कामाची सुरुवात कोलकात्याच्या अलीपूरमधून झाली. विषारी वायूपासून वाचवणारं कापड, न फुटणारे डबे असली युद्धाला लागणारी कामं तिथे झाली. 26 सप्टेंबर 1942 ला त्यातून सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद उभी राहिली.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फाळणीत भेराही गेलं आणि लाहोरची प्रयोगशाळाही. भटनागर दिल्लीत होते. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर विश्वास होता आणि भटनागरांना मंत्रालयातून फाइल पुढे कशी सरकवायची हे पक्कं ठाऊक होतं. 3 जानेवारी 1950 ला पुण्यात पाषाण रोडवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं, आपली एनसीएल. त्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. एकूण बारा प्रयोगशाळांचं श्रेय त्यांना दिलं जातं. शिवाय शिक्षण खात्याचे सचिव तेच आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्षही तेच.

सगळेच खूश नव्हते बरं का. सी. व्ही. रामन यांना हा सरकारी पसारा अजिबात पटला नव्हता. आपल्या रामन परिणामाच्या धर्तीवर त्यांनी या प्रकाराला नेहरू-भटनागर परिणाम असं नाव देऊन टाकलं होतं, असं सांगतात. मेघनाद साहा यांचं दुखणं जास्त नेमकं होतं. चांगले शास्त्रज्ञ आणि पैसा वेगळ्या प्रयोगशाळांत गेला तर विद्यापीठांत काय उरणार? मला विचाराल तर साहांचं म्हणणं आजही खोडता येत नाही. गंमत म्हणजे भटनागरांची स्वतःची सगळी महत्त्वाची कामं विद्यापीठातच झाली होती, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. पण दुसरी बाजूही आहे. 1940 मध्ये विद्यापीठांकडे पैसा नव्हता, सरकार द्यायला तयार नव्हतं, आणि युद्धाच्या निमित्ताने जे दार उघडलं त्यातून शिरायचं की नाही एवढाच प्रश्न होता. भटनागर शिरले.

1 जानेवारी 1955 ला दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. साठ वर्षांचे होते.

पुरस्कार कोणाकोणाला मिळाला?

1957 मध्ये सीएसआयआरने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि 1958 मध्ये पहिला मान मिळाला के. एस. कृष्णन यांना. ही निवड फार चपखल होती. कृष्णन हे रामन परिणामाच्या शोधातले रामन यांचे सहकारी, स्फटिकांचं चुंबकत्व मोजणारे, म्हणजे भटनागरांच्याच विषयातले, आणि दिल्लीच्या त्या भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक. तेव्हा ते साठीला टेकले होते. पुढे मात्र 45 वर्षांच्या आतलेच शास्त्रज्ञ अशी अट आली, आणि पुरस्काराचा खरा दरारा त्या अटीमुळेच आहे. आयुष्यभराच्या कामाला निरोपाची शाल नाही, तर काम भरात असताना पाठीवर थाप.

सुरुवातीच्या वर्षांतली नावं पाहिली तर छाती दडपते. 1961 मध्ये एम. एस. स्वामिनाथन आणि जी. एन. रामचंद्रन, 1962 मध्ये विक्रम साराभाई, शिवाय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव. 1972 चे विजेते गोविंद स्वरूप यांनी पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. 1982 मध्ये माशेलकरांना मिळाला. गोव्यातल्या माशेलचे माशेलकर पुढे भटनागरांनीच उभारलेल्या एनसीएलचे संचालक झाले, आणि 1995 मध्ये सीएसआयआरचे महासंचालक, म्हणजे थेट भटनागरांच्या खुर्चीत. हळदीच्या अमेरिकन पेटंटला आव्हान देऊन सीएसआयआरने ते रद्द करून घेतलं ते त्यांच्याच काळात.

फोनशी नातं सांगणारी नावंही यादीत आहेत. 1998 चे अशोक झुनझुनवाला यांनी आयआयटी मद्रासमध्ये बिनतारी टेलिफोन स्वस्तात गावागावांत पोचवण्याचं तंत्र विकसित केलं. 2003 चे मणींद्र अग्रवाल यांनी आदल्याच वर्षी दोन विद्यार्थ्यांसोबत एक जुनं कोडं सोडवलं होतं. एखादी प्रचंड मोठी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळेत कसं तपासायचं, हे ते कोडं. इंटरनेटवरच्या सुरक्षेत मोठ्या मूळ संख्या लागतात हे लक्षात घेतलं तर याची किंमत कळेल, जरी रोजच्या वापरात याहून झटपट पद्धती चालत असल्या तरी.

एक गोष्ट मात्र खटकते. 1961 मध्ये असीमा चॅटर्जी यांना रसायनशास्त्रासाठी पुरस्कार मिळाला, त्या पहिल्या महिला विजेत्या. औषधी वनस्पतींवर त्यांचं मोठं काम होतं, अपस्मारावरच्या औषधापर्यंत नेणारं. इतकी चांगली सुरुवात! पण भौतिकशास्त्रात पहिली महिला विजेती यायला 2018 साल उजाडावं लागलं. त्या होत्या अदिती सेन डे, क्वांटम माहितीशास्त्रात काम करणाऱ्या. मधली साठ वर्षं देशात भौतिकशास्त्रात बायका नव्हत्या असं कोणी म्हणू नये.

अलीकडे या पुरस्काराचे पाच लाख रुपये आणि वयाच्या 65 वर्षांपर्यंत महिना 15,000 रुपये मिळायचे. 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार अशी नवी रचना आणली आणि जुना पुरस्कार तिच्यात सामावून घेतला. आता त्याचं नाव विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर. वयाची अट 45 चीच, पण रोख रक्कम नाही, सनद आणि पदक. यावर मतं दोन आहेत. भटनागरांनी तरी पैसे कुठे घेतले, असं म्हणणारे आहेत. पण त्यांनी पैसे नाकारले नव्हते, प्रयोगशाळेला द्यायला लावले होते. हा फरक तरुण संशोधकांना चांगला समजतो.

नव्या रचनेतले पहिले पुरस्कार 22 ऑगस्ट 2024 ला राष्ट्रपती भवनात दिले गेले, त्यात चांद्रयान-3 च्या टीमचाही गौरव झाला. पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वरचा विज्ञान रत्न पुरस्कार जयंत नारळीकरांना जाहीर झाला, मरणोत्तर. भटनागर पुरस्कार त्यांना 1978 मध्ये मिळाला होता, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.