तिशीनंतरचे विद्यार्थीपण

शिकण्याचे वय वेगळे आणि पोट भरण्याचे वय वेगळे, अशी वाटणी समाजाने मनोमन करून टाकलेली असते. स्थिरस्थावर झालेल्या माणसाने हातचे काम सोडून पुन्हा वर्गात जाऊन बसावे, ही कल्पनाच अनेकांना वेडेपणाची वाटते. रुग्णसेवेसारख्या खडतर विद्येच्या बाबतीत तर हा आक्षेप अधिकच तीव्र होतो. या आक्षेपाला आयुष्यानेच उत्तर देणाऱ्यांत डॉ. आल्बर्ट श्वाइत्झर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

1875 साली आल्सेस प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी श्वाइत्झर यांचा जन्म झाला. वयाच्या तिशीपर्यंत त्यांनी जे मिळविले, ते एखाद्याला जन्मभर पुरावे इतके होते. 1899 मध्ये कान्टच्या धर्मविचारावर प्रबंध लिहून ते तत्त्वज्ञानाचे डॉक्टर झाले. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ते धर्मशास्त्राचे अध्यापन करीत, चर्चमध्ये प्रवचने देत आणि ऑर्गनवादक म्हणूनही त्यांची कीर्ती पसरली होती. संगीतकार बाख यांच्यावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ 1905 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा वेळी या प्राध्यापकाने वैद्यकाचा विद्यार्थी होण्याचे ठरविले!

तथापि, हा निर्णय म्हणजे क्षणिक भावनेची लहर नव्हती. तिशीपर्यंत विद्या आणि कला यांची उपासना करावी व पुढचे आयुष्य मनुष्यमात्राच्या प्रत्यक्ष सेवेस द्यावे, असा संकल्प त्यांनी 1896 मध्येच, एकविसाव्या वर्षी केला होता. सेवा नेमकी कोणती, हे मात्र ठरत नव्हते. अनाथ मुलांचा सांभाळ करण्याचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला. पुढे निराधार भटके आणि सुटून आलेले कैदी यांच्यासाठीही ते झटले. पण अशा कामात संस्थांवर अवलंबून राहावे लागे आणि त्यांना हवे होते स्वतःच्या हातांनी करता येईल असे काम. 1904 मध्ये पॅरिसच्या एका मिशनरी संस्थेच्या मासिकात आफ्रिकेतील गाबाँ प्रदेशासाठी माणसे हवी असल्याचे निवेदन त्यांच्या वाचनात आले आणि शोध संपला. आजवर शब्दांनी जे सांगितले, ते आता कृतीत उतरवायचे होते.

ऑक्टोबर 1905 मध्ये त्यांनी आप्तेष्टांना पत्रे लिहून आपला बेत कळविला. त्यावर वादळ उठले. बुद्धीचा हा अपव्यय होय, असे स्नेह्यांना वाटले. आफ्रिकेसाठी व्याख्याने देऊन निधी जमवावा, स्वतः जाण्याचे कारण काय, असाही युक्तिवाद झाला. वैद्यक शाखेच्या प्रमुखांना तर या सहकाऱ्याच्या मनःस्वास्थ्याचीच शंका आली. विद्यापीठाच्या अध्यापकाला त्याच विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव नोंदविता येत नव्हते. त्यासाठी खास सवलत मिळवावी लागली.

खरी परीक्षा पुढेच होती. शरीररचना, रसायन, वनस्पतिशास्त्र हे विषय तत्त्वचिंतनात मुरलेल्या मनाला सर्वस्वी नवे होते. स्मरणशक्ती विशीतल्यासारखी राहिली नव्हती. अध्यापन, रविवारची प्रवचने, लेखन आणि ऑर्गनवादनाचे कार्यक्रम सांभाळून अभ्यास चाले. थकव्याशी झुंज अखंड होती. अंतिम परीक्षेचे शुल्क त्यांनी ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून भरले. 1910 च्या डिसेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते उत्तीर्ण झाले. त्यानंतर रुग्णालयातील उमेदवारी, पॅरिसमध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास आणि 1913 मध्ये पदवीचा प्रबंध, असा हा क्रम पुरा झाला. 1912 मध्ये ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या हेलेन ब्रेस्लाऊ यांनीही या कामासाठी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते.

एप्रिल 1913 मध्ये हे दांपत्य ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे पोहोचले. कोंबड्यांच्या एका जुन्या खुराड्यात पहिला दवाखाना थाटला गेला. मलेरिया, आमांश, कुष्ठरोग, निद्रारोग, हर्निया यांनी पीडलेले सुमारे दोन हजार रुग्ण पहिल्या नऊ महिन्यांतच येऊन गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून फ्रेंच सत्तेने दोघांना स्थानबद्ध केले आणि 1917 मध्ये फ्रान्समधील छावणीत नेले. 1924 मध्ये श्वाइत्झर पुन्हा परतले, तेव्हा रुग्णालय मोडकळीस आले होते. ते त्यांनी नव्याने उभारले. 1952 च्या शांतता नोबेल पुरस्काराची रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी खर्च झाली. 4 सप्टेंबर 1965 रोजी लांबारेने येथेच त्यांचे निधन झाले.

या चरित्राला दुसरी बाजू नाही, असे नव्हे. आफ्रिकी माणसाकडे ते धाकट्या भावाच्या नात्याने पाहत. त्या दृष्टीतील वडीलकीवर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. हेलेन यांची प्रकृती ढासळल्याने पतिपत्नींना वर्षानुवर्षे दूर राहावे लागले. निर्णय एकाचा असला, तरी त्याचे मोल साऱ्या कुटुंबाला मोजावे लागते, हे विसरून चालणार नाही.

उतारवयाकडे झुकताना परिचर्येची वा वैद्यकाची वाट धरू पाहणाऱ्याने श्वाइत्झर यांच्या कीर्तीपेक्षा त्यांची तयारी पाहावी. संकल्पानंतर नऊ वर्षे त्यांनी विचार केला, लहान प्रयत्न करून पाहिले, खर्चाची तजवीज केली आणि मगच पाऊल उचलले. पूर्वीची विद्याही वाया गेली नाही. ग्रंथ आणि ऑर्गन यांनीच पुढे रुग्णालयाला पैसा मिळवून दिला. शिकण्याचे वय उलटून गेले का, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याची नम्रता उरली आहे का, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे असते.