गाऱ्हाणे ऐकणारा दिवाण

संसदेचे अधिवेशन जवळ आले की दिल्लीतील मंत्रालयांमध्ये एका वेगळ्याच धावपळीला सुरुवात होते. खासदारांचे प्रश्न येऊ लागतात, संबंधित विभागांकडून माहिती मागवली जाते, उत्तरांचे मसुदे तयार होतात आणि तारांकित प्रश्न असेल तर मंत्रिमहोदयांसाठी पुरवणी प्रश्नांची टिपणेही जोडावी लागतात. लोकसभेच्या कामकाजात एका दिवशी तोंडी उत्तरांसाठी २० तारांकित आणि लेखी उत्तरांसाठी २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. या कामात रात्री उशिरापर्यंत अडकलेल्या मराठी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आला कोठून, याचा विचार करायला अर्थातच सवड नसते. मात्र त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण म्हैसूरमध्ये घडले आणि त्याच्या केंद्रस्थानी घरापासून दूर नोकरी केलेला एक मराठी भाषक प्रशासक होता, हे त्यांना जाणून घ्यायला आवडेल.

म्हैसूरचे नाव निघाले की मराठी माणसाला १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि अजूनही न सुटलेला सीमाप्रश्न आठवतो. तो वाद आपल्या जागी आहे. पण त्यापूर्वीच्या म्हैसूर संस्थानाशी मराठी भाषकांचे नाते वेगळे होते. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर कावेरीकाठी स्थिरावलेल्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण घेतले आणि दक्षिणेतील संस्थानांच्या कारभारात मोठमोठी पदे मिळवली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळलेले सर टी. माधवराव हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. या लेखाचे चरित्रनायक दुसरे माधवराव. विश्वनाथ पाटणकर माधवराव, म्हणजेच व्ही. पी. माधवराव, यांनीही तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. त्यांपैकी त्रावणकोर आणि बडोदा ही दोन संस्थाने दोघांनाही समान असल्याने अनेकदा एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

व्ही. पी. माधवरावांचा जन्म १८५० मध्ये कुंभकोणम येथे एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. तेथील महाविद्यालयातून पदवी घेऊन ते म्हैसूरच्या सेवेत शिरले आणि प्रारंभी त्यांनी शाळेत मुख्याध्यापकी केली. त्या वेळी म्हैसूरवर ब्रिटिश आयुक्तांचा अंमल होता. १८३१ मध्ये राजाच्या हातून काढून घेतलेला कारभार १८८१ मध्ये चामराजेंद्र वडियार यांच्याकडे परत सोपवण्यात आला. सरकारी वकील, पोलीस महानिरीक्षक, प्लेग आयुक्त, महसूल आयुक्त अशी एकेक पायरी माधवराव चढत गेले. सत्ताबदलाच्या दोन्ही बाजूंचा कारभार त्यांनी आतून पाहिला.

कारभार राजाकडे परत आल्यावर दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी एक अभिनव प्रयोग केला. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी दसऱ्याच्या निमित्ताने म्हैसूर शहरात रयत, जमीनदार आणि व्यापारी यांच्या १४४ प्रतिनिधींची सभा भरली. हीच प्रजाप्रतिनिधी सभा. दिवाणांनी वर्षाचा जमाखर्च आणि पुढील योजना सभेपुढे मांडायच्या आणि प्रतिनिधींनी आपापल्या भागाच्या अडचणी सांगायच्या, असा तिचा क्रम होता. अडचणींचे विषय आगाऊ लेखी कळवले जात. तलावाची दुरुस्ती, जंगलातील गुरांची चराई, रस्ते, शेतसारा, शाळा असे ते रोजच्या जगण्यातील विषय असत. सभेचे कामकाज छापून प्रसिद्ध होई.

ब्रिटिश हिंदुस्थानात राष्ट्रीय सभेची स्थापनाही झाली नव्हती, अशा काळातील हा प्रयोग होता. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. प्रतिनिधी जे मांडत ते गाऱ्हाणे होते. गाऱ्हाणे ऐकून घेणे हा राजाचा सद्गुण मानला जातो, परंतु ते न ऐकल्यास राजाला जाब विचारण्याची सोय त्यात नसते. प्रश्नाचे तसे नाही. विचारणाऱ्याचा अधिकार आणि उत्तर देणाऱ्याचे बंधन या दोन्ही गोष्टी नियमाने मान्य झाल्या, तरच त्याला संसदीय अर्थाने प्रश्न म्हणता येते. माधवरावांची पुढील कारकीर्द या दोहोंच्या सीमारेषेवर उभी आहे.

१८९८ मध्ये म्हैसूर संस्थानात प्लेगने थैमान घातले. लोकांच्या भावनांची दखल न घेता प्लेगचे कडक उपाय राबवले, तर काय होते हे पुण्याने आदल्याच वर्षी रँडच्या वधाच्या रूपाने पाहिले होते. प्लेग आयुक्त या नात्याने माधवरावांच्या वाट्याला आलेले काम याच जातीचे होते. घरे रिकामी करवणे, रुग्णांना अलग ठेवणे, दाट वस्ती विरळ करणे यांतील प्रत्येक हुकूम थेट माणसाच्या उंबरठ्याच्या आत जाणारा होता. या साथीनंतर बंगळूरमध्ये बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहती वाढल्या. उत्तम हेतूच्या हुकुमालाही लोकांची साथ लागते, हा धडा त्या काळातील कोणत्याही कर्तबगार अधिकाऱ्याला चुकवता आला नसता.

१९०४ मध्ये माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले. तेथे कायदे करण्यासाठी १८८८ पासून कौन्सिल होते, पण त्यात सामान्य रयतेला जागा नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत म्हैसूरच्या धर्तीवर श्री मूलम् प्रजा सभा स्थापन झाली आणि २२ ऑक्टोबर १९०४ रोजी तिरुअनंतपुरम येथे तिची पहिली बैठक भरली. येथेही प्रतिनिधींनी मोजके विषय आगाऊ कळवायचे आणि दिवाणांनी उत्तर द्यायचे, अशीच पद्धत होती. माधवराव तेथून गेल्यानंतर काही वर्षांनी याच सभेत अय्यनकाळी यांची नेमणूक झाली. पुलय समाजाला कसायला जमीन आणि त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळावा, यासाठी त्यांनी दिवाणांपुढे बाजू मांडली. ज्यांना सार्वजनिक रस्त्यावरून चालण्यासाठीही झगडावे लागले, त्यांचा माणूस संस्थानच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे उभा राहिला. गाऱ्हाण्याच्या सभेचीही ताकद किती असते, हे यावरून ध्यानात येते.

१९०६ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी माधवरावांना दिवाण म्हणून म्हैसूरला परत बोलावले. पुढच्याच वर्षी संस्थानात कायदे कौन्सिल अस्तित्वात आले. दिवाण आणि त्यांच्या मंत्रिमंडळातील सभासदांखेरीज त्यात १० ते १५ सभासद असावेत आणि त्यांपैकी किमान दोन-पंचमांश बिनसरकारी असावेत, अशी रचना होती. जुलै १९०७ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात पहिली बैठक झाली आणि अध्यक्षस्थानी स्वतः दिवाण होते. आज दसऱ्याला म्हैसूरला जाणारे प्रवासी तो राजवाडा चित्रसंग्रहालय म्हणून पाहून येतात. कर्नाटकच्या विधान परिषदेची परंपरा त्याच बैठकीपाशी जाऊन पोहोचते, याची त्यांतील फारच थोड्यांना कल्पना असते.

या कौन्सिलला कायद्याच्या मसुद्यावर विचार करता येत होता. सरकारला प्रश्न विचारण्याचा किंवा अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा अधिकार मात्र सुरुवातीला नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९२ च्या कायद्याने हे दोन्ही अधिकार मर्यादित स्वरूपात मिळाले होते. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी केंद्रीय कौन्सिलात विचारला गेलेला पहिला प्रश्न भिंगाच्या राजेसाहेबांचा होता आणि तो दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठी गावोगावच्या दुकानदारांकडून सामान गोळा करण्याच्या जाचाविषयी होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून त्याच सभागृहात आकडेवारीच्या बळावर सरकारची कोंडी कशी करता येते, हे दाखवून दिले होते. म्हैसूर या बाबतीत मागे राहिले. संस्थानाच्या कारभाराच्या पद्धतीत महत्त्वाचा बदल करायचा तर गव्हर्नर जनरलची संमती लागे, ही १८८१ च्या करारातील अट येथे विसरून चालणार नाही. दिवाणाचे हात पूर्णपणे मोकळे नव्हते.

परंतु जे हातात होते त्याचा वापर कसा झाला, हे पाहणेही आवश्यक आहे. १९०८ मध्ये म्हैसूरमध्ये वृत्तपत्रांविषयीचा कायदा आला. सरकारच्या परवानगीखेरीज वृत्तपत्र काढता येऊ नये आणि दिलेली परवानगी सरकारला रद्द करता यावी, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, यावरून त्या काळच्या वातावरणाची कल्पना येईल. म्हैसूरच्या पत्रसृष्टीतील आदरणीय ज्येष्ठ आणि प्रजाप्रतिनिधी सभेतील बुलंद आवाज असलेले एम. वेंकटकृष्णय्या यांनी निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. म्हणजे कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा नाही आणि बाहेर छापण्याची मुभा दिवाणांच्या मर्जीवर, अशी स्थिती झाली. दोन संस्थानांत प्रतिनिधींसाठी सभागृहे उघडणाऱ्या प्रशासकाच्या कारकिर्दीवरील हा डाग आहे आणि त्यांच्या थोरवीची नोंद करताना तो झाकणे योग्य ठरणार नाही.

१९०९ मध्ये माधवराव पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले टी. आनंदराव हे सर टी. माधवरावांचे चिरंजीव होते. १९१२ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण झाले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांना ते चांगलेच परिचित आहेत. त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच, १९१३-१४ च्या सुमारास, कौन्सिलच्या सभासदांना काही मर्यादांसह प्रश्न विचारण्याचा आणि अर्थसंकल्पावर चर्चा करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ च्या सुधारणांनी प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि कौन्सिलला अर्थसंकल्पावर मतदान करता येऊ लागले. माधवरावांनी उभारलेल्या वास्तूला खिडक्या नंतरच्यांनी बसवल्या. मुळात वास्तूच नसती तर हे काम आणखी लांबले असते, हेही तितकेच खरे.

१९१४ ते १९१६ या काळात माधवरावांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याची दिवाणगिरी केली. अशा कारकिर्दीनंतर बहुतेक जण पदव्या आणि निवृत्तिवेतन घेऊन स्वस्थ बसतात. माधवराव मात्र काँग्रेसच्या राजकारणात उतरले. १९१९ मध्ये हिंदुस्थानविषयक सुधारणा विधेयकावर ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष देण्यासाठी काँग्रेसचे शिष्टमंडळ लंडनला गेले, त्यात सत्तरीला आलेले माधवराव प्रमुखपणे होते. विठ्ठलभाई पटेल त्यांचे सहकारी होते आणि लोकमान्य टिळकही त्या वेळी लंडनमध्येच होते. आयुष्यभर सभागृहाच्या अध्यक्षस्थानावरून लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला हा प्रशासक आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून आपल्या देशाची बाजू मांडत होता. त्या सुधारणांनंतर १९२१ पासून केंद्रीय सभागृहात बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला आणि पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा सर्व सभासदांना मिळाली. १९३४ मध्ये माधवरावांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्राचा आजच्या दिल्लीशी संबंध काय, असे कोणी विचारील. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना भरले आणि फक्त लेखी उत्तरे दिली गेली. कारण समजण्यासारखे होते, तरीही मंत्र्याला समोर उभे करून पुरवणी प्रश्न विचारता न आल्याने सभागृहाची धार किती बोथट होते, हे त्या अधिवेशनाने दाखवले. लेखी उत्तरातही पळवाटा असतात. माहिती गोळा केली जात असून ती यथावकाश सभागृहापुढे ठेवली जाईल, हे ठरीव उत्तर वाचकांपैकी अनेकांनी स्वतः लिहिलेले असेल. अशा उत्तरांचा हिशेब ठेवण्यासाठी लोकसभेला १९५३ मध्ये सरकारी आश्वासनांविषयीची समिती नेमावी लागली, यातच सर्व काही आले.

प्रश्न विचारणारा खासदार आणि उत्तराचा मसुदा लिहिणारा अधिकारी यांच्यात नियमाने बांधलेले एक नाते आहे. ते सैल झाले की प्रश्नाचे पुन्हा गाऱ्हाणे होते आणि सरकार पुन्हा ते ऐकून घेणारा दयाळू राजा बनते. एखाद्या दुर्गम तालुक्यातील बंद पडलेल्या योजनेविषयीचा अतारांकित प्रश्न टेबलावर येतो, तेव्हा त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला दिल्ली गाठणे शक्य नसते. त्या माणसाला पूर्ण, खरे आणि वेळेवर उत्तर मिळावे हा त्याचा हक्क आहे. तो म्हैसूरला मिळायला १८८१ पासून तीन दशकांहून अधिक काळ लागला.