सागवानाच्या शोधात निघालेला सुतार : लवजी वाडिया

आज वाडिया म्हटलं की लोकांना कापड गिरण्या आठवतात. पण या घराण्याचं मूळ काम लाकडाचं. वाडिया म्हणजेच जहाज बांधणारा. आणि हे नाव मोठं केलं ते लवजी नसरवानजी या पारशी सुताराने.

लवजींचा जन्म १७०२ चा, सुरतेजवळच्या सिगनपूर गावचा. सुरतेत धनजीभाई नावाच्या जहाज बांधणाऱ्याकडे ते मुकादम होते. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिथं एक जहाज बांधायला दिलं. कंपनीच्या डडली नावाच्या अधिकाऱ्याने लवजींचा हात पाहिला आणि मुंबईला चला म्हणून गळ घातली. लवजींनी साफ सांगितलं की, मालकाचं हातातलं काम पुरं झाल्याशिवाय येणार नाही. जहाज पाण्यात गेलं, मालकाची परवानगी मिळाली, मगच १७३६ मध्ये ते काही सुतार सोबत घेऊन मुंबईत आले.

इथं आल्यावर खरी अडचण कळली. गोदीला जागा होती, माणसं होती, पण लाकूडच नव्हतं. जहाजाला लागतो जुना, पक्का सागवान, आणि तो मुंबई बेटावर कुठून येणार? मग कंपनीने लवजींनाच उत्तरेकडे पाठवलं. ज्यांच्या मुलखात जंगलं होती त्या राजे-सरदारांशी बोलणी करून त्यांनी लाकडाची सोय लावली. परतताना बायकापोरांनाही मुंबईला घेऊन आले. म्हणजे बिऱ्हाडही त्या लाकडाच्या फेरीतच हललं.

सागवानच का, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जुन्या वाड्याची तुळई शंभर वर्षांनीही ठणठणीत असते. या लाकडात तेल असतं, त्यामुळे वाळवी लागत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. इंग्रज आपल्या देशात ओकच्या लाकडाची जहाजं बांधत. त्या लाकडात लोखंड गंजतं. म्हणून मुंबईची जहाजं जास्त टिकायची.

१७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली, त्या कामातही लवजी होते. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं, की जहाजाचा तळ उघडा! नाहीतर जहाज चिखलात आडवं पाडून दुरुस्ती करावी लागे.

लवजींनी नातवांनाही गादीवर बसवलं नाही. फरामजी आणि जमशेटजी या दोघांनी महिना १२ रुपयांवर सुतारकीपासून सुरुवात केली, हातात कुऱ्हाड घेऊन.

१७७४ मध्ये लवजी वारले. जवळजवळ चाळीस वर्षं कंपनीची जहाजं बांधली, आणि मागे उरलं काय? एक घर आणि वीस हजारांच्या आतली रक्कम. ज्यांनी त्या जहाजांवर माल नेला त्यांनी किती कमावलं, ते वेगळंच.

पुढे गोदीची जबाबदारी माणेकजी आणि बमनजी या मुलांकडे, मग नातवांकडे गेली. नातू जमशेटजींनी मलबारच्या सागवानातून बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगतंय.