सुरांचा वारसा : दत्तात्रेय विष्णु पळुसकर

सांगलीजवळच्या पलूस गावावरून पळुसकर हे नाव पडले. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. कृष्णाकाठच्या कुरुंदवाड संस्थानात दिगंबर गोपाळ पळुसकर कीर्तने करीत. त्यांचा मुलगा विष्णु वडिलांच्या कीर्तनातच वाढला. कीर्तनात अभंग, पदे आणि कथा एकत्र येतात आणि समोर बसलेल्या सामान्य माणसालाही ती कळावी लागतात. त्यामुळे गाणे हे लोकांसाठी आणि देवासाठी असते, ही जाण त्याला शाळेत शिकावी लागली नाही.

लहानपणी फटाक्याने त्याच्या डोळ्यांना इजा झाली आणि पुढील शिक्षण खुंटले. उपचारासाठी मिरजेस आलेला हा मुलगा तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकला. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पळुसकर ते हेच. गवयाला समाजात मान मिळावा आणि गाणे घराघरांत पोचावे, हा त्यांचा ध्यास होता. मुंबईत त्यांनी विद्यालयाची मोठी वास्तू उभारली. परंतु कर्जापायी ती गमवावी लागली. उत्तरायुष्यात ते भगवी वस्त्रे धारण करून नाशिकला रामनामाच्या आश्रमात राहिले आणि तुलसीदासांच्या रामायणावर प्रवचने करू लागले. कीर्तनकाराचा मुलगा अखेर वडिलांच्याच मार्गावर आला होता.

संसारात त्यांनी फार सोसले. त्यांची अनेक अपत्ये लहानपणीच गेली. २८ मे १९२१ रोजी जन्मलेला दत्तात्रेय तेवढा जगला. विष्णु दिगंबरांनी देशभर शेकडो शिष्य तयार केले. आपल्या मुलाला घडविण्यासाठी मात्र त्यांना जेमतेम दहा वर्षे मिळाली. आश्रमातील रामनाम, प्रवचने आणि भजने हेच दत्तात्रेयाचे पहिले शिक्षण. गाण्याचे आरंभीचे धडेही वडिलांनीच दिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत विष्णु दिगंबरांचे निधन झाले. मुलाची खरी तालीम अजून व्हायची होती.

ती तालीम मुख्यतः वडिलांच्या शिष्यांनी दिली. विनायकराव पटवर्धनांनी गुरूच्या पश्चात १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. तेथे दत्तात्रेयांचे शिक्षण झाले. नारायणराव व्यास, चिंतामणराव पळुसकर आणि मिराशीबुवा यांच्याकडूनही त्यांना विद्या मिळाली. जे वडिलांनी शिष्यांना दिले होते, ते आता निरनिराळ्या हातांतून मुलाकडे परत येत होते. गुरुऋण फेडण्याची याहून योग्य रीत क्वचितच आढळेल.

वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात दत्तात्रेय प्रथम गायले. लाहोरच्या विद्यालयामुळे पंजाबात वडिलांचे नाव सर्वतोमुखी होते. अशा ठिकाणी मुलाचे गाणे वडिलांशी ताडून पाहिले जाणारच. मोठ्या नावाचे ओझे पेलताना अनेक मुले दबून जातात; काही केवळ नक्कल करीत राहतात. बापूराव (स्नेहीजन त्यांना याच नावाने ओळखत) या दोहोंतून वाचले. घराण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही; पण इतर गायकीतले चांगले घेण्यात कमीपणाही मानला नाही. आवाज स्वच्छ आणि मधुर, मांडणी आटोपशीर. १९४४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. एवढ्या अवकाशात रागाचे पूर्ण रूप उभे करणे भल्याभल्यांना जमत नसे. बापूरावांचे श्री, गौडसारंग आणि केदार ऐकताना काही राहून गेले असे वाटत नाही.

लोकांच्या मनात ते घर करून राहिले ते मात्र भजनांमुळे. तुलसीदास, मीराबाई यांची पदे ते ख्यालाइतक्याच गांभीर्याने गात. बालराम दुडुदुडु चालतो आणि माता कौतुकाने त्याला उचलून घेतात, असे वर्णन असलेले तुलसीदासांचे पद त्यांच्या आवाजात घरोघर पोचले. आजोबांनी कीर्तनात आणि वडिलांनी प्रवचनात जे केले, तेच नातू मैफलीत करीत होता.

१९५२ साली नौशाद यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ‘बैजू बावरा’ चित्रपट आला. त्यातील जुगलबंदीत तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी बापूराव गायले. कथेत बैजूला वडिलांच्या मृत्यूचा सूड घ्यायचा आहे आणि त्याचे शस्त्र आहे संगीत. बापूरावांनाही वडील लवकर अंतरले होते. त्यांच्या गाण्यात कडवटपणाचा मात्र लवलेश नव्हता. अमीर खाँ वयाने नऊ वर्षांनी वडील. चित्रपटात जिंकतो बैजू. रसिक मात्र आजही दोघांपैकी एकाची निवड करू शकत नाहीत.

१९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षी मेंदूज्वराने ते आजारी पडले आणि २६ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. विष्णु दिगंबरांना एकोणसाठ वर्षांचे आयुष्य लाभले होते. दत्तात्रेय तेव्हा चौतीस वर्षांचे होते.